पितळी कठडे

त्या दुपारी रेल्वेतला निवृत्त फिटर झोपेतून लवकर उठला आणि मागच्या खोलीत आला, तर त्याची बायको त्याच्या खुर्चीवर बसलेली. समोर हातभर लांबीचं डिझेल इंजिनाचं मॉडेल होतं. बाजारातलं साधं मॉडेल कापून, त्यावर नवी केबिन चढवून तो नोकरीत सांभाळलेलं, यार्डात डबे हलवणारं आपलं जुनं शंटिंग इंजिन करत होता. सकाळीच त्यानं बसवलेले सुईएवढ्या बारीक पितळी तारेचे कठडे ती चिमट्यानं उपटत होती.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" तो ओरडला. "मॉडेलांचं प्रदर्शन चार दिवसांवर आलंय!"

ती दचकली. मग तिनं भिंग त्याच्या हातात दिलं. त्यानं वाकून पाहिलं. उरलेले कठडे वेडेवाकडे बसले होते आणि गोंदाचे ओघळ थेट खिडकीच्या काचेवर आले होते.

"हे मी केलं?"

"हात थरथरतात हो तुमचे. दोन वर्षं झाली. तुम्ही झोपलात की मी काढते आणि पुन्हा नीट बसवते."

त्यानं भिंग खाली ठेवलं. "म्हणजे गेल्या वर्षी बक्षीस मिळालं, ते इंजिन?"

तिनं मान खाली घातली.

तो स्टुलावर बसला. मग त्यानं टेबलावरचा दिवा उचलून मॉडेलजवळ आणला.

"दिवा मी धरतो," तो म्हणाला. "तू बसव कठडे. आणि या खेपेला प्रदर्शनातल्या पाटीवर तुझं नाव आधी लिही."