मयताचा ट्रे

बरोसा या द्राक्षमळ्यांच्या खोऱ्यात घराच्या भिंतीवरचा मोठा ट्रे मयताच्या केकसाठीच उतरतो. म्हाताऱ्या ओटिलीने तो उतरवला, त्यात फुगलेलं पीठ थापलं, वर जर्दाळू मांडले आणि लोणी, साखर, मैदा चोळून चुरा करायला घेतला. एरवी चुरा सून करायची. पण सकाळी ओटिलीच्या लेकाने, आर्नोने, भट्टीचं लोखंडी दार बायकोच्या हातावर आपटलं आणि तिची बोटं मोडली. ती कोपऱ्यात कण्हत होती. दुपारी आर्नो द्राक्षमळ्यातून झिंगत आला, बायकोच्या कमरेत लाथ घालून झाली, मग त्याला ट्रे दिसला. "आई, कोण गचकलं गं?" "बूट काढ आधी. बस तिथे." "अगं, मेलं कोण?" ओटिलीने चुरा केकवर पसरला, हात एप्रनला पुसले आणि सरपणाची कुऱ्हाड उचलली. "तुझ्या बापाच्या वेळी केक मागाहून करावा लागला," ती म्हणाली. "फार धावपळ झाली रे माझी."