सतरा नंबरचा उंदीर

साठ सेकंद होत आले तरी सतरा नंबरच्या उंदराला पाट सापडला नव्हता. गोल हौदातल्या दुधाळ पाण्याखाली, बोटभर खोलीवर, उंदराला टेकायला ठेवलेला हा पाट वरून दिसायचा नाही, पण रोज एकाच जागी असायचा. धडधाकट उंदीर चौथ्या दिवसापासून थेट पोहत जाऊन त्यावर ऐटीत बसायला लागले होते. सतरा नंबर ज्या रांगेत होता, त्या रांगेतल्या उंदरांना मात्र औषध टोचून मधुमेह जडवलेला. हे उंदीर सारखे पाणी प्यायचे, त्यांचा भुसा दिवसातून दोनदा बदलावा लागायचा, आणि काल शिकलेलं आज त्यांच्या डोक्यातून पार पुसून गेलेलं असायचं.

भुसा बदलणारे मामा हौदाशीच उभे होते. प्रयोगशाळेचं उंदीरघर सांभाळता सांभाळता सगळी इमारत त्यांना उंदीरमामाच म्हणू लागली होती. खरं नाव हजेरीच्या यादीपुरतं उरलं होतं. बायको गेल्यापासून ते सुट्टीच्या दिवशीही यायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "यांना कुठे रविवार कळतो?"

उंदीर गर्रकन वळला, सरळ मामांच्या दिशेने आला आणि काठाला पंजे लावून धडपडू लागला.

"मामा, तुमच्यामुळे होतंय हे," संशोधक मुलगी म्हणाली. "जरा त्या पडद्यामागे जाता?"

मामा गेले. तिने उंदराला पुन्हा पाण्यात सोडलं. फटीतून मामा बघत राहिले. उंदीर पाटाच्या अगदी जवळून गेला, पण थांबला नाही. हौदाला एक वेढा घालून तो पडद्याच्या बाजूला आला आणि नाक वर करून हुंगत राहिला.

"वेळ संपली. सापडला नाही," म्हणत ती लिहू लागली.

मामा पडदा सारून बाहेर आले. "पण मॅडम, मी सापडलो की त्याला. ते कुठे लिहिणार?"

"त्याला रकाना नाही, मामा." मग हळू आवाजात ती म्हणाली, "उद्या या रांगेचे मेंदू काढायचेत तपासायला. आजची ही शेवटची फेरी."

बाही वर सारून मामांनी उंदराला उचललं, फडक्यात घेतलं. त्याने त्यांच्या अंगठ्याखाली डोकं खुपसलं. मामा हलक्या हाताने पुसू लागले. पाठ, कान, मग एकेक पंजा.

तिने कागद आवरले, हौदावरचा दिवा बंद केला आणि दाराशी थबकली.

"मामा, वाळला तो केव्हाच."

"हो," मामा म्हणाले, आणि पुसत राहिले.