जाळीच्या कपाटाचं कुलूप

‘आधी किल्ली मुठीत, मग कुलूप दाबायचं.’ वडिलांनी दोन्ही मुलांना हे बाराखडीच्याही आधी शिकवलं होतं. आणि धाकटीनं, म्हणजे आता त्यांचा कारखाना चालवणाऱ्या लेकीनं, देशभरातले कुलूपवाले जिथं जमले होते त्या प्रदर्शनात, भर दुपारी, स्वतःच्याच स्टॉलवर, आधी कुलूप दाबलं होतं. किल्ल्यांचा जुडगा कपाटात नमुन्यांच्या शेजारी राहिला होता. पोलादी जाळीतून छान दिसत होता.

कपाटाला लावलेलं कुलूप वडिलांनी घडवलेलं शेवटचं. त्याच्यावर तिनंच हौसेनं फलक लावला होता, ‘हे उघडणारा अजून जन्मायचाय.’

दुसरी किल्ली कारखान्यात, आणि कारखाना एका रात्रीच्या प्रवासावर. कटर लावावा, तर आजूबाजूचे स्टॉलवाले जन्मभर तोच किस्सा सांगत हिंडले असते. शेजारच्या बिजागरीवाल्यानं “हातोडी देऊ का, ताई?” असं इतक्या प्रेमानं विचारलं की तिला हातोडी घ्यावीशी वाटली, कपाटासाठी नव्हे.

अशात वसतिगृहांची खरेदी बघणाऱ्या बाई आल्या. त्यांच्याच वाटेकडे ती सकाळपासून डोळे लावून बसली होती. हे काम मिळालं नाही तर ओतकामाची भट्टी बंद करायची, हे घरून निघतानाच ठरलं होतं. भट्टीवरची माणसं तिचं सामान उचलायला स्टेशनपर्यंत आली होती.

“आमची पोरं केसातल्या पिनेनं कुलपं उघडतात हो,” बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. “काढा बघू नमुने.”

“काढते ना,” ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

बाईंनी कुलपाकडे पाहिलं, मग जाळीआडच्या जुडग्याकडे, मग तिच्याकडे.

“असं होय,” त्या म्हणाल्या.

समोरच्या स्टॉलवरून दादा उठला. तिचा सख्खा भाऊ. वडिलांच्या माघारी त्याला बटणांची कुलुपं करायची होती, तिला किल्लीची. “तुझी कुलुपं म्हणजे पुराणवस्तू,” तो म्हणाला होता. “तुझी स्वतःचाच नंबर विसरतात,” ती म्हणाली होती. मग त्यानं या गावात येऊन वेगळा कारखाना घातला. कुलूपवाल्यांना एकाच गल्लीत बसवायची आयोजकांची पद्धत. त्यामुळे दर प्रदर्शनात बहीणभाऊ समोरासमोर बसायचे आणि दिवसभर एकमेकांच्या डोक्यावरचे फलक वाचायचे. बोलणं नव्हतं.

“सरक, चिमे,” दादा जवळ येऊन हळूच म्हणाला. “उघडलं तर काय देशील?”

“मागशील ते. उरक लवकर.”

“आज जेवायला यायचं. घर कारखान्याच्या वरतीच आहे. इथलं प्रदर्शन आलं की तुझी वहिनी तुझं पान मांडते. तू येत नाहीस, मग ते मलाच संपवावं लागतं. पोट बघ माझं.”

तिनं पोट पाहिलं. तक्रार रास्त होती.

“उघडलंस तर येईन.”

“शब्द?”

“शब्द.”

दादानं खिशातून दोन बारीक तारा काढल्या आणि लोकांकडे पाठ करून तो कपाटापुढे उकिडवा बसला. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. वडिलांच्या हाताखाली असताना असली कुलुपं तो गप्पा मारता मारता उघडायचा. बाईंच्या देखत हे उघडलं, तर पिनवाल्या पोरांसाठी बाई ते घेतील कशाला? आणि नाही उघडलं, तर नमुने आतच. तिनं मनातल्या मनात देवाला हाक मारली; पण मागावं काय, तेच कळेना. उघडू दे म्हणावं तरी पंचाईत, नको म्हणावं तरी पंचाईत. देवालाही अवघडल्यासारखं झालं असेल.

भोवती गर्दी जमली. बिजागरीवाल्यानं तर खुर्चीच ओढून आणली. दादा कुलपाला कान लावत होता, मान हलवत होता, घाम पुसत होता. शेवटी त्यानं तारा खिशात घातल्या आणि गुडघ्यांवर हात रेटत उठला.

“हरलो बुवा,” तो म्हणाला. “हे आपल्याच्यानं नाही व्हायचं.”

“अहो, तुम्ही तर याच धंद्यातले,” बाई म्हणाल्या.

“म्हणून तर चारचौघांत सांगायला जड जातंय.”

बाईंनी कुलूप ओढून बघायला हात पुढे केला.

“नका हो, तेलानं हात काळे होतील,” म्हणत दादा चटकन आडवा आला.

बाई हसल्या. त्यांनी फलक पुन्हा एकदा नीट वाचला. “नमुने राहू द्यात. मला हे लटकतंय तेच हवंय, सगळ्या वसतिगृहांना. उद्या माझा माणूस येईल, बाकीचं त्याच्याशी ठरवा.”

ती इतकी हरखली की दादाचे आभार मानायचेही राहिले. आणि खरं सांगायचं तर तो हरला याचा तिला थोडा आनंदही झाला. चारचौघांत हरला. शिवाय त्याच्याकडे जेवायला जाणंही टळलं.

संध्याकाळी दालनातले दिवे एकेक मालवू लागले. दादा केव्हाच निघून गेला होता. बंद कपाट परत न्यायचं कसं, हे बघायला तिनं खाली वाकून कुलूप हातात घेतलं.

ते हातातच आलं. कडी भोकात नुसती टेकवून ठेवलेली होती, दाबलेली नव्हती.

तिनं कपाट उघडलं, आधी जुडगा मुठीत घेतला, मग कुलूप दाबलं.

“ताई, चला की आमच्याबरोबर जेवायला,” बिजागरीवाला पिशवी उचलत म्हणाला.

“नको. एका ठिकाणी जायचंय मला.”

तो गेल्यावर ती समोरच्या रिकाम्या स्टॉलवर गेली. इतक्या वर्षांत तिनं तिथल्या पत्रकाला हात लावला नव्हता. तिनं एक उचललं, उरलेल्या उजेडात त्यावरचा पत्ता दोनदा वाचला आणि दालनाबाहेर पडून रस्त्याला लागली.