बरोबर उत्तर

हसनाबादच्या शाळेत वयस्कर माणसांची स्मरणशक्ती तपासायचं सरकारी शिबिर भरलं होतं. शहरातून आलेल्या डॉक्टर शैला प्रत्येक म्हातारीला नवऱ्याचं नाव विचारत होत्या. एकही सांगेना. पदर तोंडाशी धरून जी ती शेजारणीकडे बघत होती. डॉक्टर वैतागल्या होत्या.

सोनूबाईंनी मात्र लगेच सांगितलं, "रखमाजी."

"वा, आजी. तुमची आठवण अगदी पक्की आहे." डॉक्टरांनी पुढचीला बोलावलं.

दाराशी थांबलेले रखमाजी आत आले.

"डाक्टरीनबाई, हिला पुन्हा एकदा तपासा."

"का? त्यांनी तर बरोबर सांगितलं."

"म्हणूनच म्हणून राह्यलो. उभ्या जन्मात हिनं कधी माझं नाव घेतलं न्हाई."