कपाळामागचे शब्द

नैराश्यानं दादाचं बोलणं आटलं, तेव्हापासून त्याची सगळी उत्तरं मीच देते, दुकानातसुद्धा, डॉक्टरांसमोरसुद्धा. आज तपासणीच्या खोलीत त्याच्या कपाळावर तारांची टोपी चढली. "क-वरून शब्द सांगत राहायचं. मेंदूचा पुढचा भाग जागा झाला, की पडद्यावरचं निळं लाल होईल," तंत्रज्ञ ताई म्हणाल्या. "कपाट!" मी ओरडले. "मेंदू त्याचा तपासतोय, तुझा नाही!" त्यांनी डोळे वटारले. औषधानं फरक पडतोय का, ते आज कळणार होतं, म्हणून मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पडदा निळाच राहिला. दादानं माझ्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं. "कटकट," तो पुटपुटला. मग हळूहळू, "कार्टी. कावळी. कजाग. कर्णा!" पडद्यावर लाल ठिपके उमलत गेले. हसू दाबत ताई म्हणाल्या, "वेळ संपली." "थांबा हो," दादा म्हणाला, "हिची अजून बरीच नावं बाकी आहेत."