पोथीची नवी प्रत

"मुलींनी पोथीला शिवू नये," असं सांगणारी ओवी दाखवून कारभारींनी सात वर्षांच्या नातीला, अंजूला, पारायणाच्या पाटावरून उठवलं. तिची आई, कारभारींची सून तृप्ती, पेटून उठली. घरची हस्तलिखित पोथी तिनं कॉम्प्युटरवर चढवली आणि शब्द न् शब्द मोजून काढला.

"मामा, ही ओवी मागून कुणीतरी घुसवलीय. हिच्यातले शब्द बाकीच्या पोथीत एकदाही न्हाईत."

"बराबर पकडलं की कॉलेजवालीनं," सासरे शांतपणे म्हणाले. "पोथीबी जीर्ण झालीय. नवी उतरून काढतो मीच."

गुरुवारी अंजूला पाटावर बसवण्याआधी तृप्तीनं नव्या प्रतीतलं ते पान उघडलं. ओवी जागच्या जागी होती.



तिच्याखाली सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात आणखी एक होती : 'सुनेने मोजिता अक्षर । बुडाले जाणावे घर ॥'