बंबाचं पाणी

बाबालाल मिस्त्रींनी गाडीच्या टायरला लाथ मारून बघितली नाही. तसली तपासणी हौशी गिऱ्हाइकांची. त्यांनी थेट बॉनेटवर तळहात ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. बॉनेट उघडून त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतून वाफ आली.

"गणपतराव, सांगावा काय धाडला होता? मी येईस्तवर गाडीला हात लावायचा न्हाय."

"न्हाईच की लावला!" गणपतराव म्हणाले. "तुमास्नी आणायला एष्टी स्टँडवर मीच आलतो न्हवं? मग गाडी कोण चालू करंल?"

"मग पाणी काय सूर्यानं तापवलं? पौषात?"

जुनी डिझेल गाडी घ्यायची तर ती गार असताना चालू करून बघायची, हा मिस्त्रींचा पहिला नियम. झिजलेलं इंजिन थंडीत कुरकुर करतं. म्हणून लबाड लोक पाहुणे यायच्या आधी रेडिएटरमध्ये गरम पाणी ओततात, आणि मग कसलंही खटारं शहाण्या जावयासारखं वागतं. मिस्त्रींनी शाहूपुरीत तीस वर्षं इंजिनं उघडली होती. त्यांनी पान्यांची पिशवी उचलली.

"चल, गैबी."

गैबी हलला नाही. तो शाहूपुरीतला गादीवाला. उघड्या हौद्याची ही गाडी मिळाली तर हातगाडी आणि एष्टीचा टप दोन्हीतून सुटका होणार होती. गेले आठ दिवस तो झोपेतसुद्धा हौद्यात गाद्या रचत होता. गणपतरावांच्या कोडोलीपर्यंत आलेलं सुख आता पिशवी उचलून परत निघालं होतं.

"आजवर माझ्या शब्दाला कुणी बोट लावलं न्हाई, मिस्त्री," गणपतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे भरून आले होते.

तेवढ्यात त्यांची बायको बाळाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कशाला वरडालाय? पाणी मी घातलंय."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"बैल इकला तर जाताना त्याला कढत पाण्यानं धुतोय का न्हाई आपण? तशीच हिला धुतली. आणि थंडीचं गार पाणी कसं पाजायचं? अकरा वर्सं दारात हाय ती. हे स्टँडवर गेले, तवा मी बंबाचं पाणी आणून ओतलं."

गणपतरावांनी कपाळावर हात मारला. मिस्त्रींनी आता कुठं गाडी नीट बघितली. काचा लख्ख पुसलेल्या, दिव्यांवर हळद-कुंकू, आणि पुढच्या चाकापाशी भाकरीचा तुकडा. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं.

"मावशी, माझा इस्वास बसला. पण इंजिन काय माझ्या इस्वासावर चालायचं न्हाय."

त्यांनी रेडिएटरचं सगळं पाणी सोडून दिलं आणि विहिरीचं गार पाणी भरलं.

"आता दोन तास कुणी हात लावायचा न्हाय. मावशी, तुमी तर न्हाईच न्हाय."

दोन तास कसे काढायचे? मिस्त्री आणि गणपतराव भाकरी-झुणक्यावर बसले. दुसऱ्या भाकरीला दोघांचं गोत जुळलं. गैबी मात्र गाडीपाशीच घुटमळत राहिला. गाडीच्या सीटची शिवण उसवून आतला काथ्या बाहेर आला होता. त्यानं खिशातनं लांब सुई आणि जाड दोरा काढला आणि तो टाके घालायला लागला.

"अरं, अजून घेतली न्हाईस ती!" मिस्त्री ओरडले. "इतका हावरेपणा दाखवत्यात व्हय?"

"सवय हाय, मिस्त्री. फाटकं बघवत न्हाय मला."

बाळाबाई चहा घेऊन त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. कप हातात तसाच धरून त्यांनी सात-आठ टाके बघितले.

"रात्री कुठं बांधणार हिला?"

"दारातच, मावशी. पत्र्याखाली."

"मग बरं," म्हणून त्यांनी कप पुढं केला.

दोन तासांनी इंजिन थंडगार झालं. गणपतराव किल्लीला हात घालणार, तोच मिस्त्रींनी स्वतः सेल्फ मारला. इंजिन पहिल्याच झटक्याला उठलं. थोडा काळा धूर आला आणि विरला. निळा आला नाही, म्हणजे गाडी ऑइल पीत नव्हती. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण काढून तिथं तळहात धरला. फुंकर लागली नाही, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नव्हतं. मग ते गाडीखाली शिरले आणि पाठीला माती लावून बाहेर आले.

"मागच्या स्प्रिंगचा एक पाटा मोडलाय, तेवढा बदल. बाकी गाडी ठणठणीत हाय." मग त्यांनी दोन्ही कान धरले. "गणपतराव, चुकलो."

"पुढच्या खेपंला गोडाचं जेवायला यायचं," गणपतराव म्हणाले. त्यांनी तेवढ्यावर सगळं मिटवून टाकलं.

गैबीनं ठरलेले पैसे मोजून दिले. किल्ली लोकरीच्या लाल गोंड्यात ओवलेली होती. बाळाबाईंनी ती काढून घेतली, गोंड्याची गाठ सोडवली आणि नुसती किल्ली गैबीच्या हातावर ठेवली.

"बैल दिला तरी दावं देत न्हाईत, पोरा. घराची बरकत जाती. तुझं दावं आणलंस का?"

गैबीनं खिसे चाचपले, आणि मग तो सीटकडं वळला. शेवटच्या टाक्याला दोरा अजून लोंबत होता. त्यानं तो दातानं तोडला, किल्लीत ओवला आणि गाठ मारली.

बाळाबाईंनी किल्ली परत मागून घेतली. ती गाठ दोनदा ओढून बघितली.

"पक्की हाय," त्या म्हणाल्या, आणि गाडीपुढनं बाजूला झाल्या.